मालदीवची नबाहा आणि छोट्या बेटांवरचं बॅडमिंटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिंधूचा पहिला सामना ज्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी अनेकांनी पलीकडच्या खेळाडूबद्दल प्रश्न विचारले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कुठे लांबली आहेत, कुठे दोन ओळींत संपली आहेत. विषयच तसा आहे.

सिंधूसमोर पहिल्या सामन्यात खेळलेली ती मुलगी कोण?

फातिमथ नबाहा अब्दुल रझाक. देश मालदीव, जन्म १९९९ चा. २८ जुलै २०२४ ला पॅरिसच्या पोर्त द ला शापेल अरीनात ती सिंधूविरुद्ध महिला एकेरीच्या गटातला सामना खेळली आणि २१-९, २१-६ असा हरली. सामना २९ मिनिटं चालला. तेव्हा सिंधूचं जागतिक रँकिंग १३ होतं, नबाहाचं १११. गटात तिसरी होती एस्टोनियाची क्रिस्टिन कूबा. गटात पहिली येणारीच पुढे जाणार होती, त्यामुळे नबाहाची स्पर्धा तिथेच संपली.

ती काही पहिल्यांदा ऑलिंपिकला आली नव्हती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही ती एकेरी खेळली होती. दोन ऑलिंपिक खेळणं ही कुठल्याही देशातल्या बॅडमिंटनपटूसाठी मोठी मजल आहे. भारतातही दोन ऑलिंपिक एकेरी खेळलेल्या मुली बोटांवर मोजाव्या लागतील.

तिचं आडनाव रझाक का? कॉमेंट्रीत तर कधी नबाहा, कधी अब्दुल रझाक म्हणत होते.

अब्दुल रझाक हे वडिलांचं नाव. फलकावर ते आडनावासारखं छापलं जातं. मालदीवचे लोक तिला नबाहा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दोघी त्याआधी कधी समोरासमोर आल्या होत्या का?

हो. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. तिथेही सिंधूच जिंकली, २१-४, २१-११, अवघ्या २१ मिनिटांत. पुढे सिंधूने कॅनडाच्या मिशेल लीला हरवून सुवर्णपदक मिळवलं.

आता हे दोन स्कोअर शेजारी ठेवून बघा. बर्मिंगहॅममध्ये नबाहाचे गुण ४ आणि ११, म्हणजे १५. पॅरिसमध्ये ९ आणि ६, पुन्हा १५. दोन्ही सामन्यांत एकूण गुण झाले ५७. पण पहिला सामना २१ मिनिटांत उरकला आणि दुसऱ्याला २९ मिनिटं लागली. ऑलिंपिकमध्ये कोर्ट पुसणं, शटल बदलणं, मधली विश्रांती यांत थोडा जास्त वेळ जातो हे मान्य. तरी तेवढ्याच गुणांना आठ मिनिटं जास्त लागतात, तेव्हा बहुधा रॅलीही, म्हणजे एकेका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाणही, लांबलेल्या असतात. दोन वर्षांनी तिला शटल जास्त वेळ खेळात ठेवता आलं, असा मी याचा अर्थ लावतो. गुण तेवढेच राहिले, कारण रॅली संपवायला जो फटका लागतो तो सिंधूकडे होता.

नुसत्या स्कोअरवरून खेळाडूची लायकी ठरवणाऱ्यांनी आणखी एक निकाल बघावा. २०२१ च्या जागतिक अजिंक्यपदात पहिल्याच फेरीत ऑलिंपिक विजेता व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन हरला. पहिला गेम त्याने २१-१४ असा घेतला आणि पुढचे दोन गमावले ते २१-९, २१-६ असे. नबाहाच्या पॅरिसच्या सामन्याचेच आकडे. त्याला हरवणारा खेळाडूही एका छोट्या बेटाचाच होता. त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

१११ वं रँकिंग असताना ऑलिंपिकचं तिकीट मिळालं कसं?

ऑलिंपिकच्या बॅडमिंटनमध्ये बहुतेक जागा पात्रता क्रमवारीवरून भरतात. पॅरिससाठी १ मे २०२३ ते २८ एप्रिल २०२४ या वर्षभरातली कामगिरी धरली होती. एका देशातून एकेरीत एकच खेळाडू जातो. दोघी पहिल्या सोळांत असतील तरच दोन जागा मिळतात. प्रत्येक खंडाला किमान एक जागा राखलेली असते. याशिवाय मोजक्या जागा छोट्या देशांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात, त्यांना युनिव्हर्सॅलिटी कोटा म्हणतात. मागच्या दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक खेळांत ज्या देशाचे सरासरी आठ किंवा त्याहून कमी खेळाडू होते, तेच देश यासाठी अर्ज करू शकतात. मालदीव यात सहज बसतो. टोकियोला त्यांचं पथक चार खेळाडूंचं होतं. १९८८ च्या सोलपासून मालदीव ऑलिंपिकला येतो आहे आणि अजून एकही पदक मिळालेलं नाही.

नबाहा या कोट्यातून आली. ही जागा 'कुणालाही' दिली जात नाही. खेळाडू आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत असावी लागते, क्रमवारीत असावी लागते आणि अर्ज करणाऱ्या छोट्या देशांच्या खेळाडूंमधून तिची निवड व्हावी लागते.

भारतात तिच्यापेक्षा वरच्या रँकिंगच्या कितीतरी मुली घरी बसतात. हा अन्याय नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची हळहळ खरी आहे. पहिल्या शंभरात असलेल्या भारतीय मुली पॅरिसला गेल्या नाहीत, एकेरीत एकटी सिंधू गेली. पण त्यांची वाट देशनिहाय मर्यादेने अडवली. नबाहा आली नसती तर ती जागा दुसऱ्या एखाद्या छोट्या देशाला गेली असती. भारताची दुसरी खेळाडू तरीही घरीच राहिली असती. चीन, जपान, कोरिया, इंडोनेशिया इथल्या मुलींचीही हीच गत आहे.

माझं मत स्पष्टच सांगतो. ही मर्यादा आणि हा कोटा दोन्ही हवेत. नाहीतर ऑलिंपिकचं बॅडमिंटन सात-आठ देशांची घरगुती स्पर्धा होऊन बसेल, आणि ज्या देशात आज दोन-चार हॉल आहेत तिथे पाचवा हॉल बांधा असं सरकारला सांगायला कुणाकडे काही कारणच उरणार नाही.

रँकिंग नेमकं कसं ठरतं? वरती जाणं इतकं अवघड का?

गेल्या ५२ आठवड्यांतल्या सगळ्यात चांगल्या दहा स्पर्धांचे गुण धरतात. दहापेक्षा कमी खेळलात तर जेवढ्या खेळलात तेवढ्यांचे. म्हणजे रँकिंग टिकवायचं तर वर्षातून किमान दहा वेळा बॅग भरून निघावं लागतं, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त.

स्पर्धांच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद. मग वर्ल्ड टूर: सुपर १०००, ७५०, ५००, ३०० आणि १००. त्याखाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सीरिज आणि फ्युचर सीरिज. सुपर १००० जिंकणाऱ्याला १२,००० गुण मिळतात. इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर ४,०००, इंटरनॅशनल सीरिज जिंकली तर २,५००, फ्युचर सीरिज जिंकली तर १,७००.

आता यातली गोम बघा. सुपर १००० च्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ३,००० गुण मिळतात. नबाहासारखी खेळाडू एखाद्या इंटरनॅशनल सीरिजमध्ये पाच दिवस खेळून, एकही सामना न हरता चषक घेऊन घरी आली, तरी तिच्या खात्यात पडतात २,५००. तिकडे क्वालालंपूरच्या सुपर १००० मध्ये अर्ध्या तासात हरून हॉटेलवर परतलेल्या खेळाडूच्या खात्यात ३,०००. सुपर १००० च्या ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या यादीत, एकेरीला ३२ जणीच घेतात आणि त्या रँकिंगवरून घेतात. आत शिरायला रँकिंग हवं आणि रँकिंगसाठी आत शिरायला हवं. या चक्रातून भारतातल्या मुलीही जातात. पण भारतीय मुलीला सय्यद मोदी, ओडिशा मास्टर्स, गुवाहाटी अशा वरच्या पायरीच्या स्पर्धा देशातच मिळतात. रेल्वेने जाऊन खेळता येतं. मालदीवच्या मुलीला मालदीव इंटरनॅशनल सोडली तर प्रत्येक गुणासाठी विमान पकडावं लागतं.

मालदीव आशियात आहे, तरी तिथले खेळाडू आफ्रिकेत जाऊन का खेळतात?

आशियातल्या छोट्या स्पर्धाही छोट्या नसतात म्हणून. एखाद्या साध्या इंटरनॅशनल चॅलेंजच्या ड्रॉमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, जपान आणि भारताच्या विशीच्या आतल्या मुली रांगेने असतात. रँकिंग अजून लागलेलं नसतं, पण खेळ पहिल्या पन्नासातला असतो. पहिल्या फेरीत अशी एखादी समोर आली की प्रवास संपला.

युगांडा, मॉरिशस, झांबिया, कॅमेरून, बोत्स्वाना इथल्या स्पर्धा त्याच पायरीच्या असतात, गुणही तेवढेच मिळतात, पण ड्रॉ तुलनेने मोकळा असतो. सामने जिंकता येतात. जिंकलेल्या सामन्यातून जे शिकायला मिळतं ते सरावात शिकवता येत नाही: १८-१८ ला सर्व्हिस कुठे करायची, आघाडी असताना हात आखडू द्यायचा नाही, सलग तिसऱ्या दिवशी पाय जड झाले की रॅली कशी आटोपती घ्यायची. भारतातले कितीतरी खेळाडूही गुणांसाठी युगांडातल्या कंपालाची वाट धरतात. यात कमीपणा काही नाही, हे शुद्ध नियोजन आहे.

मालदीवमध्ये बॅडमिंटन खेळतात तरी कुठे? तिथे तर सगळीकडे समुद्रच.

देश सुमारे १,२०० प्रवाळ बेटांचा. त्यातली वस्तीची बेटं दोनशेच्या आतबाहेर. लोकसंख्या साधारण पाच लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहरापेक्षाही थोडी कमी. यातला मोठा हिस्सा राजधानी माले आणि तिला लागून भराव घालून उभारलेल्या हुलहुमालेत राहतो. माले बेट स्वतः दोनेक चौरस किलोमीटरचं.

बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. कागदावर फार वाटत नाही. पण वर मोकळी उंची लागते, आंतरराष्ट्रीय सामन्यांना किमान नऊ मीटर, मोठ्या स्पर्धांना बारा. मध्ये खांब चालत नाहीत. इतक्या दाट शहरात चार कोर्टांचा हॉल म्हणजे एका निवासी इमारतीची जागा. आणि हॉल बंद असावाच लागतो. पिसांचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, समुद्रावरची साधी झुळूकही ते बाजूच्या रेषेबाहेर नेते. मोकळ्या अंगणात हौस भागते, पण नेटजवळ अलगद टाकायचा ड्रॉप किंवा मागच्या रेषेपर्यंत उंच मारायचा क्लिअर घोटवून घेता येत नाही.

भारताने २०२१ मध्ये मालदीवला क्रीडा सुविधांसाठी चार कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं होतं. तो सगळ्या खेळांसाठीचा करार आहे, पण शेजारच्या देशाची खरी अडचण कुठे आहे हे त्यावरून कळतं.

हवामानाचा खेळावर परिणाम होतो का?

होतो, आणि शटलवर जास्त होतो. गरम हवा विरळ असते, त्यात शटल लांब जातं. म्हणून उष्ण ठिकाणी हळू शटल वापरतात. डब्यावर वेगाचा क्रमांक असतो, बहुधा ७५ ते ७९ असा. आकडा लहान तितकं शटल हळू. पुण्यात खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर मुंबईचा डबा फोडला की प्रत्येक टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, मागच्या रेषेबाहेर पडतो.

मालेमध्ये वाढलेला हात तिथल्या दमट हवेतल्या शटलला सरावलेला असतो. तोच हात वातानुकूलित, बारा मीटर उंचीच्या, हवेचा झोत अंगावर येणाऱ्या मोठ्या हॉलमध्ये गेला की पहिले पाच-सात गुण अंदाज बांधण्यातच जातात. मोठे खेळाडू अशा हॉलमध्ये वर्षभर वावरत असतात. छोट्या देशातली खेळाडू तिथे उतरते तीच सामन्याच्या आठवड्यात.

मग सगळ्यात मोठी अडचण कोणती? पैसा की प्रशिक्षक?

दोन्ही आहेत. पण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण सरावाला समोर कोण उभं राहतं ही आहे. बाहेरून ही दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

भारतातल्या अव्वल मुली मुलांबरोबर सराव करतात. दोघे एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला, असंही तासन्‌तास चालतं. स्मॅश परतवला की लगेच दुसरा येतो, तो परतवला की तिसरा. शरीराला त्या वेगाची सवय लागते. रॅकेट मागे घ्यायला वेळ मिळणार नाही हे मनगटाला कळतं, मग आपोआप रॅकेट छातीसमोर राहते. हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही. समोरून तसा फटका रोज शंभर-दोनशे वेळा यावा लागतो.

पाच लाखांच्या देशात राष्ट्रीय विजेती झालात की तुमच्यापेक्षा चांगलं खेळणारी मुलगी उरतच नाही. रोजचा सराव आपल्यापेक्षा कमी वेगाच्या खेळाडूंशी होतो. तिथे अर्धवट उंचीचा टॉसही चालून जातो, कारण त्याला शिक्षा करणारं पलीकडे कुणी नसतं. मग एक दिवस पलीकडे सिंधू उभी राहते आणि तोच टॉस पहिल्या फटक्यात पायाशी आदळतो. पॅरिसमध्ये दुसऱ्या गेममध्ये जे अंतर दिसलं ते बरंचसं या रोजच्या सरावाचं अंतर आहे. गुणवत्ता नक्की किती कमी-जास्त होती हे त्यावरून सांगता येणार नाही.

म्हणूनच छोट्या देशांतले बहुतेक महत्त्वाकांक्षी खेळाडू लवकर देश सोडतात. कुणी मलेशियात, कुणी भारतात, कुणी डेन्मार्क किंवा फ्रान्समध्ये. युरोपातल्या क्लबांच्या लीगमध्ये खेळून राहण्या-जेवणाचा खर्च काढत तिथेच सराव करणं हा एक रुळलेला मार्ग आहे.

खर्च कोण करतं? बक्षिसाच्या रकमेतून निघत नाही का?

नाही. सुपर १००० स्पर्धेत एकूण बक्षीस दहा लाख डॉलरच्या वर असतं. इंटरनॅशनल चॅलेंज किंवा सीरिजमध्ये एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा पाचही प्रकारांत मिळून काही हजार डॉलर वाटले जातात, आणि एकेरी जिंकूनही हाती हजारभर डॉलर आले तरी खूप. तिकीट, हॉटेल, प्रवेश शुल्क, व्हिसा आणि प्रशिक्षकाला बरोबर नेलं तर त्याचाही सगळा खर्च वेगळा. या पायरीवर आयोजक राहण्याचा खर्च उचलत नाहीत. बरेच खेळाडू प्रशिक्षकाशिवायच फिरतात आणि मधल्या विश्रांतीत दुसऱ्या देशाचा ओळखीचा खेळाडू मागे बसून दोन शब्द सांगतो. खालच्या स्पर्धांत हे दृश्य नेहमीचं आहे.

पैसा येतो तो देशाच्या संघटनेकडून, ऑलिंपिक समितीकडून, घरातून आणि ऑलिंपिक सॉलिडॅरिटीच्या शिष्यवृत्त्यांतून. ही शेवटची योजना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची. प्रसारण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा त्यातून गरजू देशांच्या खेळाडूंना मिळतो.

ती दुहेरीही खेळते का?

हो, बहिणीबरोबर. अमिनाथ नबीहा अब्दुल रझाक. छोट्या देशांत ही सोय फार मोलाची असते. दुहेरीचा जोडीदार परदेशात शोधायचा म्हटलं तर देशाच्या नावावर संघ म्हणून खेळता येत नाही. घरातच जोडीदार असला की सराव आणि प्रवास दोन्ही एकत्र होतात.

मालदीवकडून ऑलिंपिक खेळलेला पहिला बॅडमिंटनपटू कोण?

मोहम्मद अजफान रशीद, लंडन २०१२, पुरुष एकेरी. त्यानंतर रिओला मालदीवचा बॅडमिंटनपटू नव्हताच. मग टोकियो आणि पॅरिसला नबाहा.

मॉरिशसही बेटच आहे. तिथली स्थिती बरी आहे का?

वेगळी आहे, आणि त्याचं कारण नकाशात आहे. मॉरिशस आफ्रिकेच्या महासंघात येतो, मालदीव आशियाच्या. आफ्रिकेत अव्वल ठरलात की खंडाच्या जागेवर ऑलिंपिकला जाता येतं. आशियात अव्वल ठरायचं म्हणजे चीन, कोरिया, जपान, थायलंड, इंडोनेशिया आणि भारत या सगळ्यांना मागे टाकायचं. आशियातून अव्वल येणारी मुलगी बहुधा जगातही पहिल्या चार-पाचांत असते. समुद्र तोच, पण एका रेषेमुळे दोन बेटांवरच्या खेळाडूंची वाट पार बदलते.

मॉरिशसची केट फू कुन हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९९३. आई-वडील दोघंही मॉरिशसकडून खेळलेले. फ्रान्समधल्या क्लबकडून खेळत तिने स्वतःला घडवलं, आफ्रिकन अजिंक्यपद मिळवलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात देशाचा ध्वज तिच्या हातात होता. पुरुषांमध्ये जॉर्ज जुलियन पॉल टोकियो आणि पॅरिस दोन्ही ठिकाणी खेळला. मॉरिशसच्या बॅडमिंटनची परंपरा जुनी आहे. १९९२ ला बार्सिलोनात बॅडमिंटन पहिल्यांदा पदकासाठी खेळलं गेलं, तेव्हाही त्यांचे खेळाडू तिथे होते.

हिंदी महासागरातल्या बेटांची स्वतःची एक क्रीडा स्पर्धाही आहे. १९७९ मध्ये रेयुनियॉंला सुरू झाली. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव, आणि फ्रान्सच्या ताब्यातली रेयुनियॉं व मायोत त्यात उतरतात. २०१९ ला मॉरिशसमध्ये आणि २०२३ ला मादागास्करमध्ये ती झाली. इथे मालदीवच्या मुली तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी भिडतात. बॅडमिंटनसाठी या स्पर्धेचं मोल फार आहे, आपल्याकडे तिची बातमी येत नाही याची मला खंत आहे.

पण सिंगापूरही छोटं बेटच ना? तिथे तर जगज्जेता झाला.

झाला. लोह कीन यू. डिसेंबर २०२१, स्पेनमधलं उएल्वा, जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत. समोर आपला किदंबी श्रीकांत. लोहने २१-१५, २२-२० अशी जिंकली. त्याला मानांकनही नव्हतं. पहिल्याच फेरीत अ‍ॅक्सेलसनला घरी पाठवणारा तो हाच. बॅडमिंटनमधला सिंगापूरचा हा पहिला जगज्जेता.

ज्यांना वाटतं की बेट छोटं असलं की काही होत नाही, त्यांनी लोहकडे बघावं. आणि ज्यांना वाटतं की लोहने केलं तर नबाहा का नाही, त्यांनी लोहला काय मिळालं तेही बघावं. तो जन्मला मलेशियातल्या पेनांगमध्ये, म्हणजे बॅडमिंटनच्या माहेरघरात. कोवळ्या वयात सिंगापूर स्पोर्ट्स स्कूलमध्ये आला. तिथे शाळा आणि सराव एकाच आवारात. सिंगापूरची लोकसंख्या मालदीवच्या दहापटीहून जास्त, तिजोरी भरलेली, हॉल मुबलक, पूल ओलांडला की मलेशिया. २०१९ मध्ये थायलंड मास्टर्सच्या अंतिम फेरीत त्याने चीनच्या, दोनदा ऑलिंपिक जिंकलेल्या लिन डॅनला हरवलं तेव्हाच तो साधा खेळाडू नाही हे दिसलं होतं.

तरी त्याला जगज्जेता व्हायला जे कमी पडत होतं ते सिंगापूरमध्ये नव्हतंच. २०२१ मध्ये अ‍ॅक्सेलसनने काही खेळाडूंना दुबईत एकत्र सरावाला बोलावलं. त्यात लोह होता आणि आपला लक्ष्य सेनही होता. काही आठवडे रोज ऑलिंपिक विजेत्याशी खेळायला मिळालं. त्यानंतर काही महिन्यांतच लोह जगज्जेता झाला, आणि त्याच जागतिक अजिंक्यपदात लक्ष्यला कांस्यपदक मिळालं. पुढच्याच महिन्यात दिल्लीत इंडिया ओपनच्या अंतिम फेरीत लक्ष्यने लोहला हरवलं. समोर कोण उभं राहतं याने किती फरक पडतो, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. दुबईतल्या त्या सरावासारखे चार आठवडे नबाहाच्या वाट्याला तिच्या विशीत आले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

राष्ट्रकुल स्पर्धा तिच्यासाठी इतकी महत्त्वाची का?

कारण तिथे रँकिंगच्या चाळणीतून न जाता सिंधू किंवा मिशेल लीच्या दर्जाच्या खेळाडूशी खेळायला मिळतं. पण इथेही दार कधी उघडं, कधी बंद. मालदीव ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये परत आला. मधल्या काळात २०१८ ची गोल्ड कोस्टची स्पर्धा होऊन गेली. तेव्हा नबाहा एकोणीस वर्षांचीही नव्हती. राजकारणातल्या निर्णयाने मालदीवच्या एका पिढीची स्पर्धा गेली. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये संधी मिळाली. आणि २०२६ च्या ग्लासगोत खर्च कमी करण्यासाठी खेळ दहावर आणले, त्यातून बॅडमिंटनच वगळलं.

भारतात यावर चर्चा झाली ती आपली पदकं कमी होणार म्हणून. ते खरंच आहे. पण आपल्या मुलींना वर्षभर दुसऱ्या स्पर्धा आहेत. मालदीव, मॉरिशस, जमैका, बार्बाडोस इथल्या खेळाडूंसाठी चार वर्षांतून एकदा भरलेल्या स्टेडियममध्ये, टीव्हीसमोर, जगातल्या पहिल्या दहांतल्या कुणाशी तरी खेळण्याची ही जवळजवळ एकमेव जागा होती. माझ्या दृष्टीने ते नुकसान जास्त मोठं आहे.

तिचे किंवा अशा खेळाडूंचे सामने कुठे बघता येतील?

टीव्हीवर शोधू नका, सापडणार नाहीत. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्पर्धेचा ड्रॉ आणि थेट गुणफलक असतो, अगदी फ्युचर सीरिजचाही. मालदीव इंटरनॅशनल, युगांडा, मॉरिशस अशा स्पर्धांचं प्रक्षेपण बऱ्याचदा आयोजक यूट्यूबवर करतात. एकच कॅमेरा, बहुधा कोर्टामागे, कॉमेंट्री नाही. मला ते बघायला आवडतं, कारण पायांची हालचाल अशा कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसते. या स्पर्धांत महाराष्ट्रातली मुलंमुलीही भेटतात, तेव्हा ड्रॉ उघडला की आपल्या ओळखीच्या नावाशेजारी कोण आहे तेही बघत चला.

बघताना पहिल्या फेरीपासून बघा. पात्रता फेरी दाखवत असतील तर तिथूनच. एका हॉलमध्ये सकाळी नऊला सुरू होऊन रात्रीपर्यंत सामने चालतात, आणि चांगले सामने बरेचदा दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये, तिसऱ्या गेमला गेलेल्या दोन अनोळखी नावांमध्ये होतात.